मेलेला उंदीर साप खाईल का?

मागच्या पावसाळ्यात मुलुंडच्या एका शाळेतील विज्ञानाच्या बाईंचा फोन आला. "सर, आमच्या नववीतल्या एका मुलाच्या घरी साप आहे, त्याला उंदीर चावलाय." मी घाईघाईने विचारले, "मुलाला दवाखान्यात नेले का?" त्यावर बाई म्हणाल्या, "मुलाला नाही हो, सापाला!"

हकिगत अशी होती. मुलाच्या घरी पश्चिम आफ्रिकेतला 'बॉल पायथन' जातीचा लहान अजगर होता. दर आठवड्याला बाजारातून एक जिवंत उंदीर आणायचा, संध्याकाळी सापाच्या काचपेटीत सोडायचा आणि दार लावून टाकायचे, असा त्या घरचा शिरस्ता. त्या आठवड्यात साप कात टाकण्याच्या बेतात होता. डोळ्यांवर निळसर झाक आली होती आणि त्याला भूक नव्हती. उंदीर रात्रभर पेटीतच राहिला. सकाळी पाहतात तो सापाच्या पाठीवर रुपयाएवढी जखम, आणि तिच्यातून आतला स्नायू दिसत होता. उंदीर कोपऱ्यात अंग चाटत बसला होता.

जखम पशुवैद्याने साफ केली, इंजेक्शने दिली. बाईंचा प्रश्न पुढचा होता. मुलाला आता पेटीत जिवंत उंदीर टाकायची भीती वाटत होती, आणि वर्गातली सगळी मुले ठामपणे सांगत होती की साप फक्त जिवंत प्राणीच खातो. "मीही त्यांना तसेच सांगितले होते," बाई म्हणाल्या. "खरे काय आहे?"

उत्तर देण्याआधी मी त्यांना एक वेगळाच प्रश्न विचारला. या सापाची कागदपत्रे आहेत का? हा प्रश्न शिक्षकांनीही लक्षात ठेवावा असा आहे. नाग, घोणस, धामण, दिवड, मांडूळ असा आपल्याकडचा कोणताही साप घरात पाळणे हा वन्य जीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. विदेशी सापांबाबत बरीच वर्षे संदिग्धता होती. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील प्राणीही त्याच्या कक्षेत आले. २०२४ च्या फेब्रुवारीत निघालेल्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बॉल पायथन या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्या कुटुंबाने नोंदणी केलेली होती, म्हणून पुढचे बोलणे झाले. सगळेच साप अशा सरळ मार्गाने येत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये अंधेरीच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर अधिकाऱ्यांनी पकडले होते. साप घरात ठेवावाच कशाला, असे माझे स्वतःचे मत आहे. पण जो घरात आहे त्याला नीट खायला घालणे हा वेगळा प्रश्न झाला.

आधी उंदराची बाजू पाहू. रानात साप आणि उंदीर समोरासमोर आले आणि सापाला भूक नसली, तर उंदीर निघून जातो. पेटीत त्याला जायला जागा नसते. खायला काही नसते, प्यायला बहुधा नसतेच. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कुरतडणे ही त्याची रोजची गरज असते. समोर पडलेला, हालचाल न करणारा साप हीच मग त्याच्यापुढची एकमेव खाण्याजोगी वस्तू ठरते. अशा वेळी उंदराने सापाची पाठ मणक्यापर्यंत कुरतडल्याची उदाहरणे सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना नवीन नाहीत. शिवाय उंदराच्या वाट्याला आलेली ती रात्र कशी गेली असेल, याचाही विचार करावा. म्हणून प्राणिसंग्रहालयांत आणि जाणकार पाळणाऱ्यांकडे आता मारून गोठवलेले भक्ष्य, त्याचा बर्फ उतरवून आणि ते कोमट करून देण्याची पद्धत रूढ झाली आहे. प्रश्न उरतो तो इतकाच, की सापाला ते अन्न वाटेल का?

त्यासाठी सापाला 'अन्न' म्हणजे काय वाटते, हे पाहावे लागेल. आपल्याला ताटातली पोळी दिसते आणि ओळखू येते. सापाचे असे एका इंद्रियावर भागत नाही. त्याच्याकडे निदान तीन-चार खबरी असतात आणि त्यांच्या बातम्या जुळल्या की तो तोंड उघडतो.

पहिली खबर वासाची. साप जीभ आतबाहेर करतो तेव्हा हवेतले आणि जमिनीवरचे रासायनिक कण जिभेला लागतात. ते टाळूवरच्या जेकबसन इंद्रियाकडे पोहोचतात आणि तिथे त्यांची ओळख पटते. ही ओळख किती मुळातली असते याचा एक सुरेख प्रयोग अमेरिकेत गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९६० च्या दशकात केला. गार्टर सापाच्या नुकत्याच जन्मलेल्या, अजून एकदाही न जेवलेल्या पिल्लांपुढे त्यांनी कापसाचे बोळे धरले. काही बोळे साध्या पाण्यात बुडवलेले होते, काही गांडुळाच्या किंवा माशाच्या अर्कात. पाण्याच्या बोळ्याकडे पिल्लांनी फारसे लक्ष दिले नाही. आपल्या जातीच्या नेहमीच्या भक्ष्याचा वास असलेल्या बोळ्यावर मात्र ती जीभ भराभर चालवू लागली आणि काहींनी चक्क कापसाला चावा घेतला. कापूस जिवंत नव्हता, गांडुळासारखा दिसतही नव्हता.

दुसरी खबर उष्णतेची, पण ती सगळ्या सापांना मिळत नाही. नाग, मण्यार, धामण यांच्याकडे ती सोय नाही. घोणसही विषारी व्हायपर कुळातला असला तरी त्याच्याकडे नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात सापडणाऱ्या हिरव्या चापड्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये मात्र एक खळगा असतो, आणि अजगराच्या ओठांच्या कडेने अशा खळग्यांची ओळ असते. या खळग्यात ताणून बसवलेला पातळ पडदा समोरच्या वस्तूची उष्णता टिपतो. १९५० च्या दशकात थिओडोर बुलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅटलस्नेकच्या खळग्यातून निघणाऱ्या चेतातंतूवर मोजमापे घेतली, तेव्हा पडद्याच्या तापमानातला अंशाच्या काही हजारांश इतका फरकही नोंदला जातो असे दिसले. अजगराचे खळगे इतके तीक्ष्ण नसतात, पण तत्त्व तेच. या पडद्यात काम करणारे प्रथिन २०१० साली डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ओळखले. गंमत अशी, की तेच प्रथिन आपल्या शरीरातही असते आणि फेसलेल्या मोहरीचा नाकात जाणारा झणका आपल्याला त्याच्यामुळेच जाणवतो. ज्युलियस यांना पुढे २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र मुख्यतः उष्णता जाणणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या शोधासाठी, आणि त्या शोधाची सुरुवात तिखट मिरचीतल्या द्रव्यापासून झाली होती!

मुलुंडच्या सापाचे कोडे इथेच निम्मे सुटते. खळग्याला कळतो तो फरक. जिवंत उंदराच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि पावसाळ्यात खोलीचे २८. म्हणजे उंदीर सापाला भोवतालापेक्षा ठळकपणे उठून दिसतो. बर्फ उतरवून खोलीत तासभर ठेवलेल्या मेलेल्या उंदराचे तापमान २८ आणि भोवतालचेही २८. सापाच्या त्या इंद्रियापुरता तो उंदीर तिथे नसतोच. त्या घरी यापूर्वी एकदा मेलेला उंदीर देऊन पाहिला होता आणि सापाने तोंड फिरवले होते. 'मेलेला खात नाही' असा निष्कर्ष त्यातून काढला गेला. वास्तविक 'थंड खात नाही' एवढेच त्यातून सिद्ध झाले होते. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष एकीवरच ठेवला, ही चूक आमच्या प्रयोगशाळांतही होते.

तिसरी खबर हालचालीची. डोळ्यांना ती दिसते आणि जमिनीतून येणारी कंपने खालच्या जबड्यामार्फत अंतःकर्णापर्यंत पोहोचतात. पण भक्ष्य मेले आहे की जिवंत, हे सापाला मुळात कळते का? याविषयी स्कॉट बोबॅक आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी बोआ जातीच्या सापांना मेलेले, कोमट केलेले उंदीर दिले. त्यांतल्या काही उंदरांच्या छातीत त्यांनी पाण्याने भरलेले छोटे फुगे बसवून, पंपाने ते धडधडत ठेवले होते. म्हणजे मेलेल्या उंदराला खोटे हृदय! जिथे 'हृदय' धडधडत होते तिथे सापांनी जास्त वेळ आणि जास्त जोराने विळखा आवळला. धडधड मध्येच बंद केली की सापाने दाबणे सोडून दिले. ज्या सापांनी जन्मात जिवंत प्राणी मारला नव्हता तेही असेच वागले.

या प्रयोगातून दोन गोष्टी कळतात. सापाला भक्ष्याच्या हृदयाचे ठोके जाणवतात, आणि त्यावरून तो आपले श्रम किती करायचे ते ठरवतो. दुसरी गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची. ठोके नसलेल्या उंदरावरही सापांनी झडप घातली, विळखा घातला. ठोक्यांचा उपयोग कुठवर दाबायचे हे कळण्यासाठी आहे. खायचे की नाही, याचा निर्णय त्याआधीच वास, उष्णता आणि हालचाल यांवरून झालेला असतो.

आणि घोणशीचे काय? ती उंदराला दंश करते आणि बहुधा सोडून देते. उंदीर थोडा दूर जाऊन मरतो. मग घोणस जीभ चालवत त्याच्या मागावर जाते आणि त्याला गिळते. म्हणजे अशा सापांच्या ताटात पडते ते बऱ्याचदा मेलेलेच अन्न. रानातल्या सापांनी आयते मेलेले प्राणी खाल्ल्याच्या नोंदीही विखुरलेल्या होत्या. डीव्हॉल्ट आणि क्रॉकमल या दोघांनी २००२ साली त्या एकत्र केल्या, तेव्हा ही सवय समजली जात होती त्यापेक्षा पुष्कळ जास्त आढळते असे दिसून आले. बाईंना मी सांगितले, की वर्गात तुमचे वाक्य एवढेच दुरुस्त करा: साप शिकारी आहे, पण ताजे मेलेले त्याला वर्ज्य नाही.

आता प्रत्यक्ष काय केले ते सांगतो. पहिली अडचण साप नव्हता, आजी होत्या. "देवघराला लागून असलेल्या फ्रीजमध्ये उंदीर? आणि तोही गणपतीचं वाहन? मी या घरात आहे तोवर नाही," असे त्यांनी स्वच्छ सांगितले. आजींचे म्हणणे विज्ञानालाही धरून होते. गोठवल्याने काही परोपजीवी मरतात, पण साल्मोनेलासारखे जिवाणू घरगुती फ्रीजरच्या उणे १८ अंशांत मरत नाहीत, नुसते थबकतात. दुधाच्या पिशवीशेजारी असा उंदीर ठेवणे चूकच. शेवटी एक जुना छोटा फ्रीजर विकत घेऊन बाल्कनीत ठेवला गेला.

दुसरा प्रश्न, उंदीर कुठला? मुंबईत उंदरांना तोटा नाही. महापालिकेचे मूषक संहारक रात्रपाळीत काठी आणि विजेरी घेऊन गल्ल्यांतून फिरतात, हे आपण जाणतोच. पण रस्त्यावरचा किंवा सापळ्यातला उंदीर सापाला कधीही देऊ नये. त्याच्या पोटात झिंक फॉस्फाइड किंवा रक्त गोठू न देणारे विष असू शकते आणि ते खाणाऱ्यालाही बाधते. हाताळणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिसचा धोका तो वेगळाच. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या रोगाने मुंबईत काय केले ते आपण विसरलेलो नाही. बाजारातून जिवंत पांढरे उंदीर आणून ते घरच्या फ्रीजरमध्ये कोंबणे हाही उपाय नव्हे, तो निव्वळ छळ आहे. गोठवायचा तो उंदीर आधी वेदना न होऊ देता मारलेला असला पाहिजे, आणि हे काम प्रशिक्षित माणसाचे आहे. काही जण आमच्यासारख्या प्रयोगशाळांच्या प्राणिगृहातले जास्तीचे उंदीर मागतात. तेही देता येत नाहीत. त्यांवर काय काय प्रयोग झालेले असतात हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. त्या कुटुंबाने खाद्यासाठी वाढवून गोठवलेले उंदीर मागवले. जाडीला सापाच्या शरीराच्या सर्वांत रुंद भागाएवढे, त्याहून मोठे नाहीत. इथे स्वतःला फसवू नये. हाही उंदीर सापासाठीच मारलेला असतो. फरक आहे तो त्याच्या मरण्याच्या रीतीत, आणि तो फरक मला लहान वाटत नाही.

जखम भरून सापाने एकदा कात टाकेपर्यंत आम्ही थांबलो. निरोगी मोठा बॉल पायथन काही आठवडे उपाशी राहिला तरी त्याचे बिघडत नाही. या जातीची तशी ख्यातीच आहे. मात्र दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर (आजींच्या नव्हे, वेगळ्या) वजन करून वहीत लिहायचे काम मुलाकडे दिले. वजन दहाव्या हिश्शाने घटले तर प्रयोग थांबवून पशुवैद्याकडे जायचे, असे आधीच ठरवले. अगदी लहान पिल्लांच्या किंवा आजारी सापांच्या बाबतीत इतकी वाट पाहू नये.

उंदीर आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून, झाकणाच्या डब्यात घालून, फ्रीजच्या थंड कप्प्यात ठेवायचा. यासाठी बाल्कनीतल्या फ्रीजरमध्येच थर्मोस्टॅट कमी करून सोय केली. मुंबईच्या हवेत ओट्यावर ठेवून बर्फ उतरवला तर बाहेरचा भाग नासू लागतो आणि आतला गोठलेलाच राहतो. दुसऱ्या संध्याकाळी उंदीर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे बुडवायचा. पोटाकडे दाबून पाहायचे. आत कडक लागले तर तो तयार नाही. साप बाह्य उष्णतेवर जगणारा प्राणी आहे. पोटात बर्फाचा गोळा गेला तर पचन अडते आणि सडू लागलेले अन्न तो ओकून टाकतो. मायक्रोवेव्ह अजिबात वापरू नये. त्यात उंदीर कुठे शिजतो, कुठे थंड राहतो आणि कधीकधी फुटतो. मग उंदीर कोरडा करायचा आणि शेवटी फक्त डोके पुन्हा जरा गरम करायचे, कारण साप शक्यतो डोक्याकडून धरतो. लांब चिमट्याने उंदीर धरून, मंद उजेडात, सापाच्या लपण्याच्या जागेसमोर हळूहळू फिरवायचा. हाताने कधीही नाही. सापाच्या दृष्टीने तुमचा हातही ३४-३५ अंशांचा आहे.

पहिल्या वेळी सापाने चार-पाच वेळा जीभ काढली आणि डोके आत घेतले. मुलाने उंदीर त्याच्या तोंडावर आपटायला सुरुवात केली. चुकलेच. त्याने साप घाबरतो आणि पुढच्या प्रयत्नालाही तसाच वागतो. पंधरा मिनिटांत घेतला नाही तर उंदीर पेटीत ठेवून दिवे मालवायचे, आणि सकाळी न खाल्लेला टाकून द्यायचा. एकदा बर्फ उतरवलेला उंदीर पुन्हा गोठवायचा नाही. आठ-दहा दिवस थांबून पुन्हा प्रयत्न. दुसऱ्या वेळीही नकार मिळाला. तेव्हा मी पेटीतले तापमान विचारले. उबदार बाजूचा दिवा पावसात बंद पडला होता आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते! ३१-३२ अंश मिळायला हवे तिथे २७ होते. पोट पचवू शकणार नसेल तर साप खात नाही, आणि शहाणपणाच करतो.

अशा वेळी एक मधली पायरीही असते. आधी ताजा मारलेला उंदीर द्यायचा आणि तो घेतला की गोठवलेल्याकडे वळायचे. सापाला ओळखीचा वास लावणे ही दुसरी युक्ती. सापच खाणाऱ्या नागराजाला काही प्राणिसंग्रहालयांत सापाचा वास लावलेले उंदीर देत देत उंदरांवर आणले गेले आहे. बर्गहार्ट यांच्या कापसाच्या बोळ्याचेच हे मोठे रूप.

गोठवलेले अन्न सगळ्याच सापांना निर्धोक असते असे मात्र नाही. सुटका केलेली दिवड काही दिवस सांभाळावी लागली तर तिला मासे द्यावे लागतात. कित्येक माशांत थायमिनेज नावाचे विकर असते. ते ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते आणि गोठवल्यावरही त्याचे काम सुरू राहते. नुसत्या अशा माशांवर महिनोन्महिने ठेवलेल्या सापाला झटके येतात, त्याचा तोल जातो. मासा ८० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून मग थंड करून दिला तर विकर निकामी होते. संपूर्ण उंदीर खाणाऱ्याला ही काळजी नसते. हाडे, यकृत, सगळे त्यात येते. फक्त उंदीर फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षे ठेवू नयेत, ई जीवनसत्त्व हळूहळू कमी होत जाते.

परळच्या हाफकिन संस्थेत डॉ. पी. जे. देवरस यांनी सापांवर दीर्घकाळ काम केले. त्यांचे भारतीय सापांवरचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढले, आणि आमच्या पिढीने सापांची पहिली ओळख त्यावरूनच करून घेतली. शाळेच्या ग्रंथालयात असेल तर मुलांना जरूर दाखवा.

बाईंना वर्गासाठी काही करून पाहण्याजोगे हवे होते. साप शाळेत आणू नये, हे पहिले सांगितले. त्याऐवजी ट्यूबलाइटपाशी रात्री बसणारी पाल पुरे आहे. दोऱ्याला मेलेला पतंग बांधून तो पालीपासून वीतभर अंतरावर आधी स्थिर ठेवायचा, मग हळूच हलवायचा. मग पतंगाऐवजी तेवढाच कागदाचा बोळा. कोणत्या वेळी पाल पुढे आली, कोणत्या वेळी तिने तोंडात घेऊन थुंकले, हे दहा-दहा वेळा पाहून तक्ता करायचा. डोळ्याची खबर आणि तोंडातल्या चवीची खबर वेगळी करायला याहून स्वस्त साधन मला ठाऊक नाही. बाईंच्या वर्गातल्या तेवीस मुलांनी तक्ते आणले. तीन मुलांच्या घरात पालच नव्हती आणि त्यांनी शेजाऱ्यांची वापरली.

दिवा दुरुस्त झाल्यावर चौथ्या प्रयत्नाला, रात्री साडेनऊ वाजता, सापाने चिमट्यातला उंदीर झडपला, तीन वेढे घातले आणि जेमतेम अर्ध्या मिनिटात सैल सोडले. मुलाने फोनवर विचारले, "सर, त्याने इतक्या लवकर का सोडलं?" मी म्हटले, "बाईंना विचार, त्यांना तो धडधडणाऱ्या फुग्यांचा प्रयोग सांगितलाय."